वरून पाणी

ऑपरेशननंतर बाबांच्या हाताचा कंप थांबला, तेव्हा पाण्याचा पहिला गडवा मीच त्यांच्या हातात दिला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी सगळ्या जगावर चिडताना दिसले तरी चूक कुणाची होती ते लक्षात राहील.

बाबांना कंपवात. रोहण्याला शेती, आणि आयुष्यभराची एकच ऐट: पाणी वरून प्यायचं. मान मागं टाकून, गडव्याला ओठ न लावता, सरळ धार घशात. शेतात एका गडव्यावर दहा माणसं पाणी पितात. एकानं तोंड लावलं की गडवा उष्टा. कंपानं ती ऐट गेली. मग आई त्यांना चमच्यानं पाणी पाजायची आणि प्रत्येक चमच्याला ते भिंतीकडं बघायचे.

नागपूरला त्यांच्या मेंदूत तारा बसवल्या, छातीत कातडीखाली मशीन. ते सुरू झालं आणि हात असा शांत झाला की मी रडलेच. आईसोबत त्यांना नालवाडीला माझ्या घरी आणल्या आणल्या मी त्यांच्यापुढं गडवा धरला. एक थेंब सांडला नाही. मग काय, रोहण्याहून जो भेटायला येईल त्याला हे दाखवायचं. मी फोटोसुद्धा काढले. पाणी प्यायल्यावर त्यांचा आवाज घशात बुडबुडे असल्यासारखा यायचा, तो मला ऐकू येत होता. पण आनंदाच्या भरात कोण तिकडं कान देतं!

मग ताप चढला. नागपूरच्या त्याच दवाखान्यात न्यूमोनिया निघाला.

डॉक्टर म्हणाले, "मशीननं हात सुधारला. गिळणं सुधारेलच असं नाही, कधी थोडं बिघडतंही. पाणी फुप्फुसात जातंय." ऑपरेशनच्या आधीही त्यांनी हे सांगितलं होतं. मी मान डोलावून सही केली होती, लक्ष सगळं हाताकडं.

गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी नीट समजावलं. पाण्यात घट्ट करणारी पावडर घालायची. हनुवटी छातीकडं, पेल्याला ओठ लावून एक छोटा घोट, आणि मग 'आ' म्हणायचं. आवाज कोरडा आला तर पाणी बरोबर वाटेनं गेलं. "मान मागं मात्र कधीच नको," त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला घरी नेता येईलच असं नाही."

घरी आल्यावर बाबांनी पेला दूर सारला.

"हे पानी हाय का पेज? अन् तोंड लावून मी पेत नाई."

"बाबा, जीव जाईल तुमचा!" मी ओरडले.

"मंग हात काऊन थांबवला माहा?"

मी चमचा भरून पुढं केला. चमच्यालाही ते तोंड उघडेनात. दोन दिवसांत ओठ सुकून गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी थापत होते. माठाच्या झाकणाचा आवाज आला. वळून पाहते तर बाबा उभे, गडवा वर, मान मागं. हाक ओठावर आली होती, ती मी दाताखाली दाबली. ते दचकले असते तर धार नेमकी नको तिकडं गेली असती. जन्मभर आरडाओरडा करणारी मी, पिठाचे हात घेऊन मुकी उभी राहिले. कंठ एकदा हलला. दुसऱ्यांदा अडकला. गडवा खाली आदळला आणि बाबा ओट्याला धरून वाकले. खोकला येईना, नुसता श्वास ओढल्याचा आवाज, चेहरा काळानिळा. मी धावत जाऊन पाठीत थापा मारू लागले. किती मारल्या आठवत नाही. शेवटी खोकला फुटला. त्यांचे हात मात्र तेव्हाही स्थिर होते.

त्यांचा श्वास जागेवर यायला अर्धा तास गेला. मी डॉक्टरांना फोन करून आले, तेव्हा आई पेल्यात पावडर ढवळत होती. तिनं त्यांना बोल लावला नाही. तिनं पेला स्वतःच्या तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि तो त्यांच्यापुढं धरला.

"घ्या जी. जल्मभर तुमच्या उष्ट्या ताटात जेवली मी. आता माह्यं उष्टं तुमी प्या."

 बाबांना असं कुणी कधी बोललं नव्हतं. ते रागावतील, पेला भिरकावतील असंच मला वाटलं.

त्यांनी तो हातात घेतला. हनुवटी खाली केली, ओठ लावले. कंठ हलला.

"आ म्हना," आई म्हणाली.

"आ."

आवाज कोरडा होता. आईनं पेला पुन्हा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी हनुवटी छातीला टेकवली आणि डोळे तेवढे वर केले. या वेळी ते भिंतीकडं नाही, तिच्याकडं बघत होते.