मैनाबाईचा लाडका

पनवेलच्या मासळी बाजारातली कुत्री मैनाबाईशिवाय कुणाच्या हाती लागत नसत. रेबीज संपवायला थेट केनियाहून आलेली डॉक्टरीणसुद्धा लस घेऊन तिच्याच तोंडाकडे बघत होती. मैनाबाई सुरमईचं डोकं टाकी आणि आलेलं कुत्रं शिव्या घालत मांडीत आवळी. पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नजर सारखी बर्फाच्या पेट्यांमागे जाई. बांगड्या नावाचा तिचा लाडका कुत्रा, कधी नव्हे तो, परवा तिच्याच पोटरीला चावला आणि कालपासून दिसेना. त्याला उचलून नेतील या धास्तीने तिने जखमेत मिरची भरून ती लपवली होती.

"आता कोण राहिलं?" डॉक्टरणीसोबत आलेल्या स्वयंसेविका भावनाने विचारलं.

मैनाबाईने पेट्यांमागे शेवटचं बघितलं आणि लुगडं पोटरीवरून वर सारलं. "मीच रायलेय, बाय."