रिकामं पातेलं

खालापूरकडच्या शाळेत मी खिचडी शिजवते. वजनकाटा वापरायला मला शिकवलं ते तिथल्या चौथीच्या बाईंनी.

वर्गात त्यांनी आकडे दाखवणारा काटा आणला होता. मुलं वस्तू हातात धरून वजनाचा अंदाज सांगायची, मग ती काट्यावर ठेवायची. मी दारातून बघायचे आणि जळायचे. नांदेडकडच्या गावात माझी शाळा सहावीतच सुटली. असं खेळत शिकणं माझ्या वाट्याला आलंच नाही.

एकदा बाईंनी मलाही बोलावलं. काटा बिघडला तर काम जाईल, या धास्तीनं मी तांदळाचं पातेलं हळूच ठेवलं आणि आकडा वाचला.

“अगं मावशी, एवढे तांदूळ नाय! पातेलं पण मोजलंस की,” एक पोरगी ओरडली. “आधी रिकामं ठेवून शून्य करायचं गं!”

सगळी हसली. एवढ्याशा पोरीला येतं ते मला येऊ नये, म्हणून मला तिचाच राग आला.

“थांबा रे, मावशींचा डाव अजून संपला नाही,” म्हणत बाईंनी तांदूळ काढून रिकामं पातेलं माझ्या हातात दिलं. मी ते काट्यावर ठेवून बटण दाबलं, शून्य आलं.

त्या पोरीचा हेवा अजून वाटतो. पण कधीतरी माझ्या गावच्या शाळेला असाच काटा घेऊन देईन, आणि पहिला तास घ्यायला बाईंनाच नेईन.