कानातला कापूस

पत्रक मीच लिहिलं होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, मेहकरजवळच्या कापसाच्या जिनिंगमधल्या बायकांसाठी. "नाकाला फडकं बांधा, मशीनच्या आवाजासाठी कानात कापसाचे बोळे घाला." कोणाला विचारलं नाही, कुठे वाचलं नाही. कापूस समोर ढिगाने पडलेला, फुकटचा. सुचलं आणि छापलं.

आई त्याच जिनिंगमध्ये मशीनला कापूस घालते. लेकीचं पत्रक म्हणून तिने ते सगळ्यांना ऐकवलं. तेव्हापासून रोज सकाळी ढिगातून चिमूटभर रुई उचलायची, दोन्ही कानांत कोंबायची आणि दिवसभर त्या गडगडाटात निर्धास्त उभं राहायचं. एक नाही, चार हंगाम.

यंदा दिवाळीत ती मला म्हणाली, "काऊन व, तोंडात दाणे भरले का? मोठ्यानं बोल ना."

मी ओरडतच होते.

बुलढाण्याला कान तपासायला नेलं. तपासणाऱ्या बाईंनी मोठ्याने सांगितलं, आवाज आला की बोट वर करा, आणि तिच्या कानांवर हेडफोन चढवले. आई शहाण्या विद्यार्थ्यासारखी बसली. बोट मांडीवरच. मधूनच माझ्याकडे बघून हसली, अजून सुरू व्हायचंय असं वाटून.

बाई म्हणाल्या, "कापसाने धूळ अडेल, आवाज नाही. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते वाचवायचं तर कान पूर्ण झाकणारे मफ लागतील."

मफ जिनिंगमध्ये होते की! मॅनेजरच्या कपाटात, कुलपात. तपासणीला सरकारी साहेब आले की बायकांच्या डोक्यावर चढायचे, साहेबांची गाडी गेटाबाहेर पडली की परत कपाटात. खराब होतात म्हणे! बायकांचे कान खराब झाले तर त्याची नोंद कुठल्या कागदावर नाही.

मी नवं पत्रक काढलं. पहिली ओळ: मागच्या पत्रकात मी चुकीचं लिहिलं होतं. दुसरी: कापूस नको, मफ मागा. लाज वाटली, वाटायलाच पाहिजे होती. आईला जोरजोरात वाचून दाखवलं.

"मंग मले कोनी सांगतलं काऊन नाही?" एवढंच म्हणाली. माझ्याकडे बघून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि बाकीच्या तेरा जणी मशीनकडे न जाता मॅनेजरच्या खोलीत शिरल्या. मीही मागे होते. एकेकीने कालचा कानातला बोळा पदराच्या गाठीतून काढला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. मळका, तेलकट ढीग झाला.

"मफ घातले तं बायकायले हाक ऐकू येनार नाही," मॅनेजर ओरडला.

"आता कुठं येते?" आई म्हणाली. "कपाट खोल बे!"

त्याला 'बे' म्हणताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. कपाट उघडलं. मफ निघाले सहा. बायका चौदा.

"सहा जणी लागा कामाले," तो म्हणाला.

एकही हलली नाही. गेटाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली, गाडीवाले बोंबलायला लागले, तेव्हा कुठे त्याने उरलेल्या आठांसाठी फोन लावला. मफ यायला दुपार होणार होती. सगळ्याजणी शेडमध्ये पोत्यांवर बसल्या. मशीन बंद असल्यामुळे तिथे पहिल्यांदाच हळू बोलता येत होतं. बायका कुजबुजत होत्या, हसत होत्या.

आई एकटीच ओरडून बोलत होती.