टपोऱ्या सोयाबीनची ओळ

परक्या देशात मानलेली नातीच माणसाला तारतात, असं इलिनॉयमधल्या आमच्या छोट्या मराठी मंडळात दर गणपतीला सांगितलं जाई. सांगणारे काका असत, आणि पुढे बसून मान डोलावणारा मी.

काका म्हणजे माझे मार्गदर्शक प्राध्यापक. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी पीएचडीला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी नियम घालून दिला होता: लॅबमध्ये सर, घरी काका. रविवारी काकूंच्या हातचा वरणभात जेवायचा आणि त्यांच्या अंगणातलं गवत कापायचं, असं आमचं चालू होतं.

माझा विषय होता सोयाबीनच्या दाण्याचा आकार. तो एका जनुकाच्या हातात नसतो. कितीतरी जनुकं थोडा थोडा हातभार लावतात, उरलेलं जमीन आणि पाऊस ठरवतात. त्यामुळे टपोरेपण वंशातलं आहे की त्या वर्षापुरतं, हे पुन्हा पेरल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्या हंगामात माझ्या एका ओळीला विलक्षण टपोरे दाणे आले. माझा थीसिस त्यांच्यावरच उभा राहणार होता. ते काकांना दाखवताना मी सांगितलं, की या ओळीत हरणं शिरून अर्ध्या शेंगा खाऊन गेली होती. शेंगा कमी उरल्या की राहिलेले दाणे जास्त भरतात. तेव्हा वर्षभर थांबून पेरून बघू.

"जरूर. तोवर बी माझ्याकडे दे, कोल्ड रूममध्ये सेफ राहील."

त्यानंतर ते बी मला दिसलं विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्यात, काचेच्या पेटीत, निळ्या मखमलीवर. बँड वाजला, डीन बोलले, मग काका आपल्या प्रदीर्घ साधनेबद्दल बोलले. भाषणात हरणांचा उल्लेख नव्हता. माझाही नव्हता.

पेरण्यापुरतं तरी बी परत द्या, असं मी म्हणालो, तेव्हा ते मोकळेपणाने हसले.

"अरे, बियाण्यांच्या कंपनीला प्रॉमिस केलंय आता. तुझं-माझं काय करतोस? घरातलंच आहे ना सगळं?"

घरातलंच असल्यामुळे बाहेर तक्रार करायची सोय नव्हती. मी विषय बदलला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. घरीही त्यांना सर म्हणू लागलो. काकूंनी एकदा विचारलं, "भांडलात का रे दोघं?" मी नाही म्हणालो आणि आणखी थोडं वरण घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात कंपनीसाठी ते बी पेरलं, तेव्हा भोवती माणसाहून उंच तारेचं कुंपण घातलं गेलं. हरणं आली नाहीत. दाणे शेजारच्या ओळीएवढेच भरले.