फोटोखालची एक ओळ

सेल्फी हा शब्द तेव्हा भिवंडीत कुणाला ठाऊक नव्हता. मैत्रिणीचा कॅमेरावाला मोबाइल हात लांब करून धरला आणि आमच्या गच्चीवर मी माझाच फोटो काढला. मागे आमचं गोदाम. बाबांनी शेतात गोदाम बांधल्यापासून घरातला एकही फोटो त्या निळ्या पत्र्यांशिवाय निघत नसे. नवी बाइक असो नाहीतर बारशाचं बाळ, आधी गोदामासमोर! तीच सवय मला नडली.

कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत मैत्रिणीने तो फोटो साइटवर चढवला. मी रोज जाऊन बघायचे. फोटोखाली लोकांनी लिहिलेलं 'झकास', 'क्या बात है'... अहाहा! आरशातली मी मलाच आवडायला लागले. बाबांची धमकी तेवढी डोक्यात होती, "कोनाची एक जरी तक्रार आली ना, कालेज बंद." पण बाबा कुठे कम्प्युटर बघतात!

गुरुवारी ती ओळ आली. "पीछे का गोदाम पहचान लिया. वळ ना? रोज स्टॉप पे दिखती हो." वळ आमचंच गाव. लिहिणाऱ्याचं नाव खोटं, चेहऱ्याच्या जागी कुठल्यातरी हिरोचा फोटो. फोटो काढून टाकायला माउस धरला आणि लाइट गेली. मेलं लोडशेडिंग!

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. कापडाचे लूम शुक्रवारी बंद, त्यामुळे कॅफे सुट्टीवरच्या पुरुषांनी गच्च भरलेला. एरवी शुक्रवारी आम्ही मुली तिकडे फिरकतही नसू. मी दारात उभी राहिले. सगळे पाठमोरे, आणि प्रत्येक जण तोच वाटत होता. आत पाऊल टाकायची हिंमतच होईना. तशीच पळत सुटले.

शेवटी मैत्रिणीकडून तो फोटो साइटवरून काढून टाकून घेतला. पण कौतुकाच्या सगळ्या ओळी कुठल्या कुठे गेल्या, ही एकच पाठ झाली. स्टॉपवर कुणी नुसतं माझ्याकडे वळून बघितलं तरी मी ओढणी ओढून तोंड फिरवायचे. एक दिवस पोट दुखतंय म्हणाले, मग डोकं, मग काही न सांगताच घरी बसले.

एका दुपारी बाबा जवळ येऊन बसले.

"कालेजला का जात न्हाय गो? कोन काय बोलला काय तुला?"

आवाज इतका मऊ, की मला रडूच फुटणार होतं. पण सांगितलं तर ते त्याला शोधायला निघणार, आणि गावभर बोभाटा होणार.

"न्हाय," मी म्हणाले.

त्या वर्षी मी परीक्षेला बसलेच नाही.