सुमित्राताई आणि अपेक्षित पगाराचा रकाना

आमच्या इलिनॉयमधल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात नवीन माणूस आला की बाकीचे त्याला गाव विचारतात, कॉलेज विचारतात, घर भाड्याचं की विकतचं हे आडून आडून काढून घेतात. सुमित्राताई चांदोरकर त्याला विचारतात, "ही चटणी कधी केली?"

"काल," असं त्याने म्हटलं की पुढचा प्रश्न तयार असतो. "काल किती वाजता?"

आणि तो बिचारा घड्याळाकडे बघायला लागतो, जणू कालची वेळ त्यात अजून शिल्लक आहे.

ताई दुष्ट नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. मी आजारी होतो तेव्हा पंधरा दिवस माझ्या दाराशी डबा ठेवणारी ही शेजारीण आहे. फक्त त्या डब्यावर पदार्थाचं नाव, तारीख, वेळ आणि 'चार तासांत संपवणे' अशी चिठ्ठी असायची, आणि बरोबर चार तासांनी फोन यायचा.

थोडा दोष नोकरीचा आहे. गेली चौदा वर्षं ताई इथल्या एका हॉस्पिटलात ॲक्रेडिटेशन मॅनेजर होत्या. हॉस्पिटलची प्रयोगशाळा नियमाने चालते की नाही हे पाहायला दर दोन वर्षांनी बाहेरून तपासनीस येतात. त्यांचं समाधान झालं तर मान्यता टिकते, नाहीतर मोठी पंचाईत. तपासनीस यायच्या आधी त्यांच्याहून जास्त संशयाने सगळं तपासून ठेवणं, हे ताईंचं काम. कुणी म्हणालं, "मशीन साफ केलंय," की ताई म्हणणार, "सही कुठाय?" नागपूरहून एम.एस्सी. करून आलेली ही बाई हा एकच प्रश्न विचारून घर चालवत होती.

त्यांचे यजमान गुरुनाथराव सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि स्वभावाने थेट दुसऱ्या टोकाला. त्यांना जगातला प्रत्येक माणूस भला वाटतो, फोनवरून फुकट क्रूझ देऊ करणारासुद्धा. दोघांची सरासरी काढली तर एक शहाणा माणूस सहज निघेल.

तर या मार्चमध्ये एक जाहिरात आली. पलीकडच्या गावातल्या एका मोठ्या हॉस्पिटल समूहाला सीनियर ॲक्रेडिटेशन मॅनेजर हवा होता. चार प्रयोगशाळा हाताखाली. पगार वर्षाला एक लाख आठ हजार ते एक लाख अडतीस हजार डॉलर. ताईंना तेव्हा मिळत होते एकोणनव्वद हजार. वय बावन्न. अशी जागा पुन्हा दाराशी येणार नाही, हे त्यांनाही कळत होतं. म्हणूनच त्यांना तिचा संशय आला.

"एवढी मोठी रेंज कशाला?" शनिवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात आमची बैठक बसली होती. "तीस हजारांचं अंतर! वरचा आकडा दाखवायला आणि खालचा द्यायला."

"अगं, कायदाच आहे आता," गुरुनाथराव म्हणाले. "इलिनॉयमध्ये जाहिरातीत पगार लिहावाच लागतो."

"लिहावा लागतो म्हणून लिहिलाय. म्हणजे मनापासून नाही."

अर्ज ऑनलाइन होता. बाकीचा अर्ज ताईंनी वीस मिनिटांत भरला होता. 'अपेक्षित पगार' या रकान्यापाशी त्या नऊ दिवस थांबल्या होत्या. तो रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकत नव्हता. ताईंच्या मते हाच पुरावा होता की यांना आतून काहीतरी काढून घ्यायचंय.

वरच्या मजल्यावरून त्यांची मुलगी रुचा ओरडली, "आई, जस्ट पुट अ नंबर!"

"नंबर पुट करायला ती काय लॉटरी आहे?"

आमच्या गल्लीत राहणारा प्रथमेश, तिशीतला, पुण्याचा, दर दीड वर्षाने नोकरी बदलणारा, पोहे खाता खाता म्हणाला, "काकू, एक चाळीस टाका. ते कमी करतीलच यार. सगळे असंच करतात."

"कशाच्या आधारावर एक चाळीस?"

"आधार काय असतो त्यात? कॉन्फिडन्स!"

ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने दुसऱ्यांदा घेतलेले पोहे परत ठेवले.

मग त्यांनी आधार शोधला. या हुद्द्याला किती पगार मिळतो हे सांगणाऱ्या पाच वेबसाइट त्यांनी छापून आणल्या. पहिली म्हणाली पंच्याण्णव हजार, दुसरी म्हणाली एक लाख बावन्न. माहिती कुणी दिली, तर 'अनामिक कर्मचारी'.

"अनामिक," ताई म्हणाल्या. "नाव नाही, सही नाही, तारीख नाही. माझ्या लॅबमध्ये असा कागद कुणी आणला असता तर मी त्याला परत ट्रेनिंगला बसवलं असतं."

पाचही कागद बाद झाले. पगाराविषयीचा सही-शिक्क्याचा, तारीखवार, निर्विवाद कागद घरात एकच उरला. त्यांच्या स्वतःच्या पगाराची पावती.

इथे ताईंनी ती चूक केली, जी फक्त आपल्याकडचा माणूस करू शकतो, आणि आपल्याकडच्यांतही फक्त ॲक्रेडिटेशनवाला. भारतात नोकरी बदलताना मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या जोडायच्या, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. पावतीतल्या एकोणनव्वदवर रीतीची थोडी वाढ धरून त्यांनी आकडा लिहिला पंच्याण्णव हजार. म्हणजे जाहिरातीतल्या खालच्या टोकाच्याही तेरा हजार खाली. आणि पुष्ट्यर्थ तीन पावत्या जोडल्या. पानांवर क्रमांक घालून.

"अहो ताई," मी म्हणालो, "ते कमीत कमी एक लाख आठ द्यायला तयार आहेत!"

"ते म्हणतात तसं. माझ्याकडे एकोणनव्वदचा पुरावा आहे, त्यावर रीतीची वाढ धरली. त्याच्या वरचा कुठाय?"

गुरुनाथराव म्हणाले, "छान, प्रामाणिक वाटतं." आणि अर्ज गेला.

मुलाखत मात्र झकास झाली. प्रयोगशाळा दाखवायला नेलं तेव्हा ताईंनी फ्रिजवरचा तापमानाचा तक्ता पाहिला. सगळा महिना रोज चार अंश. एकाच पेनाने, एकाच अक्षरात. आणि उद्याच्या तारखेपुढेही चार अंश. ताई बरोबरच्या डॉक्टरांना शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडे कुणाला तरी भविष्य दिसतं." घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की नोकरी गेली. पाहुणी म्हणून जाऊन घरमालकाच्या माळ्यावरची धूळ दाखवल्यावर कोण बोलावणार?

सोमवारी तिथल्या भरती विभागातल्या मेगनबाईंची ईमेल आली. आठवडा छान जावो, हवा किती सुंदर आहे वगैरे. "हिला माझ्या आठवड्याशी काय करायचंय?" असं म्हणत ताईंनी पुढे वाचलं आणि खुर्चीत बसल्या. जागा त्यांनाच द्यायची ठरली होती. पण, मेगनने लिहिलं होतं, इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे आम्ही आधीचा पगार विचारू शकत नाही आणि कुणी आपण होऊन कळवला तरी तो धरून नवा पगार ठरवू शकत नाही. म्हणून तुमच्या पावत्या आणि त्यांच्या आधाराने लिहिलेला आकडा आम्ही बाजूला काढला आहे. गुरुवारी दुपारी बाराला फोन करते, तेव्हा तुमची अपेक्षा नव्याने सांगा.

दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. ताई म्हणाल्या, "बाजूला काढला म्हणजे? कुठे काढला? कोणी काढला?" आणि पावत्या नेमक्या कुठे ठेवल्या आहेत, कोणाकोणाला दिसतात, याचं लेखी उत्तर त्यांनी मागवलं. ते आलंही. सहीसकट. त्या दिवशी प्रथमच मेगनविषयी त्यांचं मत थोडं सुधारलं.

पण आता मोठीच अडचण झाली. होता तो एकमेव पुरावा बाद, आणि हातात तीन दिवस. काही आकडा सुचला की ताई स्वतःच विचारत, "सही कुठाय?" मंगळवारी त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं. बुधवारी घातलंच नाही. गुरुनाथराव दोन्ही दिवस "छान झालीये" म्हणाले.

शेवटी रुचा खाली आली. "आई, तुझं सेम काम करणारं कोणी नाहीये का? आस्क देम."

"पगार विचारू? लोकांना?"

आम्ही सगळेच दचकलो. आमच्यात घराची किंमत विचारतात, गाडीचा हप्ता विचारतात, मुलांचे मार्क तर दारातच विचारतात. पगार मात्र कुणी कुणाला विचारत नाही. गुरुनाथरावांचा पगार मला वीस वर्षांत कळलेला नाही, आणि माझा त्यांना कळू नये म्हणून मी टॅक्सचे कागद पालथे ठेवतो.

तरी ताईंनी फोन लावला. हिमानी म्हणून एक मुलगी आठ वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली शिकली होती. आता ती न्यू जर्सीत पार्सिपनीजवळ याच हुद्द्यावर होती. ताईंनी आधी तिच्या सासूची चौकशी केली, मग हवेची, मग परत सासूची, आणि मग एका दमात प्रश्न टाकला.

"एक एकतीस, ताई," हिमानी सहज म्हणाली. "थांबा, तुम्हाला लेटर पाठवते. नाहीतर तुम्ही विश्वास ठेवणार नाही."

मिनिटभरात तिच्या नेमणूकपत्राचा फोटो आला. एक लाख एकतीस हजार. तारीख होती. सही होती. दोन सह्या होत्या.

ताईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "हिला मी थर्मामीटर धरायला शिकवलंय," त्या हळूच म्हणाल्या.

"न्यू जर्सी महाग आहे गं," गुरुनाथराव समजूत घालत म्हणाले.

"बेचाळीस हजारांनी?"

त्यांनी स्वतःची पावती आणून फोनशेजारी ठेवली. आणि मग जे बोलल्या ते आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "चौदा वर्षं मी प्रत्येक बाटलीची तारीख तपासली. टॉड दर डिसेंबरात येऊन म्हणायचा, सुमित्रा, बजेट टाइट आहे, दोन टक्केच देता येतात, पण आपण एक कुटुंब आहोत. आणि केक द्यायचा. मी केकवरची तारीख बघायचे. बजेट कधीच नाही बघितलं. एकदासुद्धा म्हटलं नाही की दाखवा." टॉड हा त्यांचा साहेब. तो वाईट होता असंही नाही. त्याला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं.

गुरुवारी ताईंनी अर्धा दिवस रजा घेतली आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलं. फोनवरचं बोलणं होतं, घरचा साक्षीदार चालत नाही. बाराला फोन वाजला. मेगनने हवेची स्तुती केली. ताईंनी ती ऐकून घेतली.

"सो, सुमित्रा, तुमची अपेक्षा काय?"

"एक लाख छत्तीस हजार," ताई म्हणाल्या. "चार प्रयोगशाळा आहेत. त्यातल्या एकीत उद्याचं तापमान आज लिहितात. ते थांबवायला वेळ लागेल."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू येऊ लागली. गुरुनाथराव हवालदिल होऊन खुणा करू लागले, 'कमी कर, कमी कर'. त्यांना मेगनची दया आली होती. ताई मात्र तपासनिसासमोर बसाव्यात तशा ताठ बसल्या. विचारल्याशिवाय एक शब्द जास्त बोलायचा नाही, हे त्या चौदा वर्षं सगळ्या लॅबला शिकवत आल्या होत्या.

"एक चौतीस," मेगन म्हणाली, "आणि एक आठवडा जास्तीची रजा."

"लेखी पाठवा," ताई म्हणाल्या.

गुरुनाथरावांनी टाळी वाजवली. ताईंचा चेहरा मात्र लगेच काळजीत पडला. "फार पटकन मानलं हो. कमी तर नाही मागितलं?"

पत्र आलं, अकरा पानी. त्यांनी ते तीनदा वाचलं, पान सातवरची रजेची चूक दुरुस्त करून घेतली आणि सही केली. सोमवारी टॉडकडे जाऊन त्यांनी राजीनामा ठेवला. दोन आठवड्यांची मुदत दिली. टॉडने कळवळून विचारलं, किती देताहेत? ताईंनी सांगितलं. तो "वन मिनिट" म्हणून बाहेर गेला आणि वीस मिनिटांत हसत परत आला. "गुड न्यूज! वी कॅन मॅच इट!"

हा प्रसंग ताईंनी मला नंतर तीनदा सांगितला, आणि तिन्ही वेळा घड्याळ बघून. वीस मिनिटं. चौदा वर्षं जे बजेट टाइट होतं, ते वीस मिनिटांत सैल झालं.

"टॉड," त्यांनी विचारलं, "शुक्रवारपर्यंत हे पैसे कुठे होते?"

टॉड म्हणाला, ते जरा कॉम्प्लिकेटेड आहे. ताई म्हणाल्या, असू दे, सवडीने सांगा. तपासणीत एखादी त्रुटी सापडली की तिचा एक फॉर्म असतो, त्यांनीच तयार केलेला. तो त्यांनी तिथल्या तिथे भरला. त्रुटी: पंचेचाळीस हजार डॉलर चौदा वर्षं दिसले नाहीत, वीस मिनिटांत सापडले. कारण काय, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार? लेखी उत्तर तीस दिवसांत. खाली सही, तारीख, वेळ. एक प्रत टॉडला दिली, एक स्वतःकडे ठेवली.

ताई नव्या नोकरीवर रुजू होऊन आता दोन महिने झाले. टॉडचं उत्तर आलेलं नाही. त्यांच्या जागी प्रीता नावाची मुलगी आली आहे, हे ताईंना कळलं तेव्हा त्यांनी तिचा नंबर मिळवला आणि दुपारच्या सुट्टीत फोन केला. आधी सासूची चौकशी केली नाही, हवेचीही नाही.

"मी सुमित्रा चांदोरकर," त्या म्हणाल्या. "तुमच्या जागेवर आधी मी होते. मला काय मिळत होतं ते सांगते, लिहून घ्या. आणि तुम्हाला किती देताहेत?"