अळीला रोग लागायची वाट

आदल्या वर्षी सोयाबीनवर औषध मारताना आमचे हे बांधावर कोसळले. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. धाराशिवच्या दवाखान्यातून जिवंत परत आले, पण तेव्हापासून दोन घास जेवले तरी दमायचे. म्हणून यंदा मीच हट्ट धरला. जळकोटच्या आमच्या रानात विष मारायचं नाही. निंबोळी अर्क फवारायचा आणि अळीला रोग लावून मारते ती बुरशी पाण्यात कालवून मारायची.

दोन्ही केलं. पण नेमकी शेंगा धरायच्या वेळेला पावसानं दडी मारली. बुरशीला ओल लागते, कोरड्या उन्हात ती रुजेना. अळ्या तेवढ्या माजल्या. पानांच्या नुसत्या जाळ्या झाल्या. मी ओळीनं अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकायची आणि मागं वळून बघितलं की वेचलेल्या झाडांवर पुन्हा तेवढ्याच. रडायला यायचं, पण रडायला थांबलं तर तेवढ्यात अजून चार झाडं जायची.

सासूबाई बांधावरून म्हणाल्या, "शेजारच्यांनी औषध मारलं, त्यांचं रान बघ कसं हिरवं हाय. तुझ्या हट्टापायी आपलं गेलं की गं."

मी खाली वाकून पुढच्या झाडावरची अळी वेचली.

त्या दुपारी ह्यांनी फवारणीचा पंप बाहेर काढला. मी पट्टा धरला.

"सोड. पोरांनी खायचं काय? तुझी बुरशी?"

"मग म्या मारते. तुम्ही घरात बसा."

"येडी झालीस का? तुला काय झालं म्हंजे?"

"म्या तुमचं बघितलं न्हवं? आता तुम्ही माझं बघा."

ते खाली बसले. पंप तसाच राहिला.

पुढं रिपरिप लागली, पण उशिरा. ओढ्याकडच्या सखल तुकड्यात अळ्या पानांना चिकटून पांढऱ्या, ताठ झालेल्या दिसल्या. बुरशी लागली होती. तेवढा तुकडा हाती आला. वरच्या रानात शेंगा भरल्याच नव्हत्या, तिथं आम्ही शेळ्या सोडल्या.

शेळ्या खात असताना ह्यांनी विचारलं, "पुढल्या साली बी असंच करायचं?"

"व्हय," मी म्हणाले. मग मी तिथंच ढेकळांवर बसून मोठ्यानं रडले.